प्रस्तावना : दुसरा उपग्रह कुठे बांधला?

१० जानेवारी २००७ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी७ उडाला, तेव्हा आपल्याकडे कौतुक झाले ते कार्टोसॅट-२ चे आणि एसआरई-१ या कुपीचे. कार्टोसॅट ६८० किलोचा, जमिनीवरची मीटरभराची वस्तू ओळखणारा. आणि ती कुपी बारा दिवस अवकाशात राहून २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. कौतुक रास्तच होते. त्याच अग्निबाणात एका कोपऱ्यात आणखी एक पेटी होती, तिची मात्र फारशी कोणी विचारपूस केली नाही. ४५ सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद, २७ सेंटिमीटर उंच. बैठकीतल्या छोट्या टीपॉयएवढी. वजन सुमारे ५६ किलो, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याहून थोडे जास्त. ती इंडोनेशियाची होती, आणि तिचे नाव लापान-टुबसॅट.

लापान ही इंडोनेशियाची अवकाश संस्था, १९६३ साली स्थापन झालेली आणि २०२१ मध्ये ब्रिन या राष्ट्रीय संशोधन संस्थेत विलीन झालेली. टुब म्हणजे बर्लिनचे तांत्रिक विद्यापीठ. इंडोनेशियाचे मोजके अभियंते बर्लिनला गेले, तिथल्या लोकांबरोबर बसून त्यांनी ही पेटी बांधली आणि उडवायला भारतात आणली. लहान उपग्रहांतून पृथ्वीकडे पाहण्याचे जे शास्त्र आहे, त्याची ओळख मराठी वाचकाला करून द्यायची असेल तर सुरुवात या पेटीपासून करावी, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. मोठे उपग्रह दिपवतात. लहानाचे झाकण उघडून आत काय आहे ते पाहता येते.

मायक्रोसॅटेलाइट म्हणजे १० ते १०० किलोंचा उपग्रह, असे पुस्तकांत सापडते. या व्याख्येला फार धरून बसू नये. इस्रोने ऑगस्ट २०२४ मध्ये सोडलेला ईओएस-०८ पावणेदोनशे किलोंचा आहे, आणि इस्रो त्यालाही मायक्रोसॅटच म्हणते. वजनाच्या आकड्यापेक्षा स्वभाव महत्त्वाचा: थोडके पैसे, थोडकी माणसे, आणि चुकण्याची मुभा.

आता झाकण उघडू. गणित दहावीच्या पलीकडचे नाही, म्हणून वाचकाने इथेच कागद-पेन्सिल घ्यावी.

लापान-टुबसॅटच्या मुख्य कॅमेऱ्याचे नाभीय अंतर १ मीटर. उपग्रह जमिनीपासून सुमारे ६३० किलोमीटर वर. म्हणजे खालच्या दृश्याची जी प्रतिमा कॅमेऱ्यात पडते, ती ६ लाख ३० हजार पटींनी लहान. कॅमेऱ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणारा एकेक चौकोन, म्हणजे पिक्सेल, साधारण ८ मायक्रोमीटरचा धरू. माणसाच्या केसाच्या जाडीत असे आठ-नऊ बसतील. त्या आठ मायक्रोमीटरला ६ लाख ३० हजारांनी गुणले की उत्तर येते ५ मीटर. जमिनीवरच्या ५ मीटरच्या तुकड्याला चित्रात एक ठिपका, एवढी या उपग्रहाची नजर. हे किती, ते कळण्यासाठी नकाशा घ्या. पुणे ते नागपूर सरळ रेषेत ६२० किलोमीटरच्या आसपास भरते. नागपुरात बसून शनिवारवाड्यासमोर उभा असलेला टेम्पो एका ठिपक्यात टिपायचा, तोही ५६ किलोंच्या पेटीतून. हा आकडा मी पहिल्यांदा मांडला तेव्हा कुठेतरी शून्य जास्त पडले असेल म्हणून पुन्हा मांडला. पडलेले नव्हते.

पण फुकट काहीच मिळत नाही. चित्राची रुंदी साडेतीन किलोमीटर, म्हणजे जेमतेम सातशे ठिपके. जुन्या टीव्हीच्या चित्रात असत साधारण तेवढे. शनिवारवाडा आणि पर्वती एका चित्रात मावतील, त्यापुढे फारसे काही नाही. आता उपग्रह सरळ खाली बघत फिरत राहिला तर काय होईल? एका फेरीला सुमारे ९७ मिनिटे, दिवसाला पंधराच्या आत फेऱ्या. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किलोमीटर. साडेतीन-साडेतीन किलोमीटरच्या पट्ट्यांनी तो झाकायचा तर साडेअकरा हजार पट्टे लागतात. एकही पट्टा दुसऱ्यावर पडला नाही आणि एकदाही ढग आड आले नाहीत असे धरले तरी दोन वर्षांहून जास्त काळ गेला. इंडोनेशियात सव्वाशेहून अधिक जागृत ज्वालामुखी आहेत. त्यांतला कुठलाही दोन वर्षे थांबत नाही.

यावर बर्लिनकरांनी शोधलेला उपाय मला या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी कॅमेरा माणसाच्या हातात दिला. उपग्रह बहुतेक वेळ अर्धवट झोपेत असतो. जावा बेटावरच्या रुम्पिन इथल्या किंवा पापुआतल्या बियाक इथल्या स्थानकाच्या क्षितिजावर आला की त्याला उठवायचे. मिळतात दहा-बारा मिनिटे. चालक पडद्यासमोर बसलेला. वरून थेट व्हिडिओ येतो आहे, आणि तो वरच्या पेटीला आज्ञा देतो: थोडे डावीकडे, थोडे पुढे. आधी रुंद कॅमेरा, ज्यात सुमारे ८१ किलोमीटरचा पट्टा दिसतो. त्यात किनारा ओळखायचा, नदीचे मुख ओळखायचे, धूर कुठून येतो ते पाहायचे. मग नजर तिकडे वळवून लांब पल्ल्याचा कॅमेरा तिथे रोखायचा.

हे वाटते तितके सोपे नाही. धावत्या एस.टी.च्या खिडकीतून मोबाइलचा झूम पूर्ण ताणून रस्त्याकडेचे एखादे झाड पडद्यावर स्थिर ठेवून पाहा, म्हणजे अंदाज येईल. उपग्रहाचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटर. एक अंश नेम चुकला तर कॅमेरा ११ किलोमीटर बाजूला पाहतो; शनिवारवाडा शोधायला गेलेला माणूस हडपसरच्याही पलीकडे निघतो. उपग्रह डोक्यावरून जात असताना एकच जागा धरून ठेवायची तर त्याला सेकंदाला सुमारे दोन-तृतीयांश अंश वळत राहावे लागते. घड्याळाचा सेकंदकाटा सेकंदाला सहा अंश फिरतो, त्याच्या नवव्या हिश्शाने, आणि न थरथरता.

वळायचे कशाच्या जोरावर? अवकाशात पाय रोवायला काही नाही. पेटीत तीन दिशांना तीन चक्रे असतात, त्यांना रिअॅक्शन व्हील म्हणतात. चक्र एका बाजूला जोरात फिरवले की पेटी उलट बाजूला हळूच वळते. फिरत्या स्टुलावर बसून हातातली जड पिशवी एका बाजूला झटकली की आपण दुसऱ्या बाजूला वळतो, तसेच. किती वळलो ते जायरो सांगतो, आणि आत्ता तोंड कुठे आहे ते तारे पाहून ताऱ्यांचा संवेदक. लहान उपग्रहांचा बराचसा इतिहास म्हणजे ही तीन चक्रे आणि हा तारे पाहणारा डोळा लहान, हलका आणि स्वस्त होत गेल्याचा इतिहास आहे. कॅमेऱ्याचे सगळे कौतुक करतात, चक्रांचे कोणी करत नाही.

इथे वाचकाला संगीतातल्या घराण्यांची आठवण झाली तर ती अनाठायी नाही. या क्षेत्रात दोन घराणी ठळक आहेत. एक बर्लिनचे, प्रा. उडो रेनर यांचे. त्यांचा पहिला टुबसॅट १९९१ मध्ये गेला. दुसरे इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाचे, मार्टिन स्वीटिंग यांचे. त्यांचा यूओसॅट-१ त्याच्या दहा वर्षे आधी, ऑक्टोबर १९८१ मध्ये गेला. सरेची गायकी वेगळी. उपग्रहाला आधी कार्यक्रम शिकवायचा आणि मग तो त्याने मुकाट पार पाडायचा. बाजारात मिळणारे साधे इलेक्ट्रॉनिक भाग अवकाशात चालतात हे त्यांनी करून दाखवले. त्या काळी त्याला बरेच जण हसले होते.

सरेकडे शिकायला आलेल्यांची यादी वाचण्यासारखी आहे. अल्जीरियाचा आलसॅट-१ नोव्हेंबर २००२ मध्ये गेला, नायजेरियासॅट-१ सप्टेंबर २००३ मध्ये. दोघांनी लापान-टुबसॅटच्या बरोबर उलटा सौदा केला. नजर जाड, ३२ मीटरची; पण पट्टा ६०० किलोमीटर रुंद. ज्याला पूर, टोळधाड, वाळवंटाची सरकती कड पाहायची आहे, त्याला टेम्पो दिसून काय उपयोग? अशा काही देशांनी आपापले उपग्रह एका माळेत ओवले आणि कोणावरही आपत्ती आली की सगळ्यांची चित्रे त्याला द्यायची असे ठरवले. २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळ आले तेव्हा नायजेरियाच्या उपग्रहाने टिपलेली चित्रे अमेरिकेच्या मदतीला गेली. मदतीचा ओघ नेहमी ज्या दिशेने वाहतो असे आपण धरून चालतो, त्याच्या उलट.

दक्षिण कोरियाची गोष्ट तर एखाद्या ख्यालासारखी सावकाश उलगडत जाते. तिथल्या काइस्ट या संस्थेने आपली मुले सरेला धाडली. त्यांनी बांधलेला किटसॅट-१ ऑगस्ट १९९२ मध्ये गेला. वजन पन्नास किलोंच्या आत. कोरियन भाषेत त्याचे नाव ‘उरिब्योल’, म्हणजे आपला तारा. इंग्लंडमध्ये बांधलेला तारा आपला कसा, असा प्रश्न तिथेही विचारला गेला. उत्तर वर्षभरात मिळाले. किटसॅट-२ कोरियात जुळवला गेला आणि सप्टेंबर १९९३ मध्ये गेला. तिसरा, ११० किलोंचा, २६ मे १९९९ रोजी आपल्या पीएसएलव्ही-सी२ वरून गेला, आणि त्याच अग्निबाणावर होता बर्लिनचा डीएलआर-टुबसॅट, लापान-टुबसॅटचा थोरला भाऊ. सरे घराण्याचा शिष्य आणि बर्लिनचा गुरू असे श्रीहरिकोट्यात एकाच गाडीत बसले. पैसे घेऊन परदेशी उपग्रह नेण्याची भारताची ती पहिलीच खेप. पुढे किटसॅटवर हात बसलेल्या काही जणांनी सॅट्रेक इनिशिएटिव्ह ही कंपनी काढली, मलेशियाला राझाकसॅट आणि दुबईला दुबईसॅट-१ बांधून दिला. दोन्ही २००९ मध्ये गेले. दुबईची मुले कोरियात शिकली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये गेलेला खलिफासॅट त्यांनी दुबईतच बांधला. शिष्याचा शिष्य गाऊ लागला.

या सगळ्या वाचनातून माझ्या हाती एक कसोटी लागली, आणि हे पुस्तक तिच्याच भोवती रचलेले आहे. एखाद्या देशाने पहिला उपग्रह सोडला की झेंडे लागतात, टपाल तिकिटे निघतात. तो उपग्रह किती मीटरचा पाहतो, असे सगळे विचारतात. मी विचारतो: दुसरा उपग्रह कुठे बांधला? पहिला विकत मिळतो. इंडोनेशियाने जुलै १९७६ मध्येच पालापा हा दूरसंचार उपग्रह सोडला होता, फार थोड्या देशांकडे असा उपग्रह होता तेव्हा. नाव अस्सल देशी, चौदाव्या शतकातल्या गजह मद या प्रधानाच्या प्रतिज्ञेवरून घेतलेले. उपग्रह मात्र अमेरिकेत ह्यूजने बांधलेला. पालापाने हजारो बेटांना टेलिफोन आणि टीव्ही दिला, हे थोडके काम नव्हे. पण त्याने उपग्रह बांधणारी माणसे दिली नाहीत. ती दिली तीस वर्षांनी त्या टीपॉयएवढ्या पेटीने. पहिल्या प्रायोगिक उपग्रहाची चित्रे काही वर्षांनी जुनी होतात. त्याच्यावर चुका करून शिकलेली वीस-पंचवीस माणसे उरतात.

लापान-ए२ हा दुसरा उपग्रह इंडोनेशियात बांधला गेला. त्याची कक्षा आणखी बोलकी आहे. पहिला उपग्रह ध्रुवांवरून जाणाऱ्या सौरस्थिर कक्षेत होता. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर असल्यामुळे अशी कक्षा रोज सुमारे एक अंश सरकते आणि उपग्रह दरवेळी त्याच स्थानिक वेळेला माथ्यावर येतो. सावल्या रोज सारख्या पडतात, चित्रांची तुलना सोपी जाते. जगभरचे निरीक्षण उपग्रह बहुतांशी हेच करतात, आणि पीएसएलव्हीला तिकडेच जायचे असल्याने सोबतच्या प्रवाशालाही तेच पत्करावे लागते. पण लागोपाठच्या दोन फेऱ्यांमध्ये विषुववृत्तावर २,७०० किलोमीटरचे अंतर पडते. इंडोनेशिया तर विषुववृत्तालाच पूर्व-पश्चिम पाच हजार किलोमीटर लगडलेला देश. ध्रुवांवरून फिरण्यात त्याचा वेळ फुकट जातो. त्याला हवी विषुववृत्ताला समांतर कक्षा, आणि तिकडे जाणारी गाडी सहसा नसते.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी ती मिळाली. भारताच्या अॅस्ट्रोसॅट या दुर्बिणीला ६ अंश कलाची, सुमारे ६५० किलोमीटर उंचीची कक्षा हवी होती. दक्षिण अटलांटिकवर किरणोत्साराचा जो दाट पट्टा आहे तो तिला शक्यतो टाळायचा होता. मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका या संस्थांचा त्या दुर्बिणीत मोठा वाटा. खगोलशास्त्रज्ञांनी किरणोत्साराला भिऊन निवडलेली वाट बेटांच्या देशाला नेमकी हवी होती. लापान-ए२ अॅस्ट्रोसॅटबरोबर गेला आणि दिवसातून चौदाएक वेळा आपल्या देशावरून जाऊ लागला. त्याच्यावर कॅमेरा आहे, जहाजांचे ओळखसंकेत ऐकणारे यंत्र आहे, आणि हौशी रेडिओवाल्यांसाठी संदेश पुढे पाठवणारा संचही आहे. पुण्याहून तो दक्षिणेच्या आकाशात येतो, क्षितिजापासून फार तर १७-१८ अंश वर. मलेशियाने राझाकसॅटसाठी आधीच अशी कक्षा निवडली होती, पण तो उपग्रह फार टिकला नाही. योग्य कक्षा निवडूनही उपग्रह मरू शकतो, हेही या विषयाच्या विद्यार्थ्याने लवकर शिकावे.

भारत या कथेत नुसता गाडीवान नाही. १९७९ चा भास्कर-१ वजनाने ४४० किलोंच्या पुढचा, म्हणजे मायक्रो नव्हे, पण कुळ तेच. नजर एक किलोमीटरची, दोन टीव्ही कॅमेरे, आणि ते जवळपास वर्षभर चालूच करता आले नाहीत. उच्च व्होल्टेजच्या भागात वायू अडकून राहिला होता. १९८१ मध्ये भास्कर-२ गेला, आणि मार्च १९८८ मध्ये आयआरएस-१ए: नजर ३६ मीटर, काम थेट शेती-पाण्याचे. हे तीनही बंगळुरात बांधलेले. माझ्या कसोटीला भारत उतरतो, तो भास्करच्या त्या बंद कॅमेऱ्यांमुळे, असे मी म्हटले तर जुने अभियंते रागावणार नाहीत अशी आशा आहे.

आपल्या महाविद्यालयांनीही या गाडीतून प्रवास केला आहे. २२ जून २०१६ च्या पीएसएलव्ही-सी३४ वर इंडोनेशियाचा तिसरा उपग्रह लापान-ए३ होता आणि पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ही. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला सी३५ वर आयआयटी मुंबईचा दहा किलोंचा ‘प्रथम’ होता आणि त्याच्या शेजारी आलसॅट-१बी, जो अल्जीरियाच्या अभियंत्यांनी सरेच्या साथीने बांधला. ‘स्वयम्’ने चक्रांऐवजी साधे चुंबक वापरून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेण्याचा प्रयोग केला. या दोन्ही उपग्रहांकडे वर्तमानपत्रांनी विद्यार्थ्यांचे कौतुक म्हणून पाहिले, त्यात वाईट काही नाही. पण त्यांची खरी संगत कोणाशी होती ते सांगायचे राहून गेले.

एक आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. लँडसॅटची चित्रे २००८ पासून फुकट आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ ची २०१५ पासून फुकट; नजर १० मीटर, पट्टा २९० किलोमीटर, आणि प्रत्येक ठिपक्याची तेजस्विता काटेकोर मापलेली. मग गरीब देशाने स्वतःचा डोळा कशाला करावा? पिकांची किंवा जंगलांची नुसती आकडेवारी हवी असेल तर करू नये, असेच माझे मत आहे. लहान उपग्रहाची मापने मोठ्यांच्या तोडीची क्वचितच असतात, आणि ‘आपला स्वतःचा’ एवढ्या अभिमानावर खर्च केलेला पैसा मला पटत नाही. पण फुकटच्या चित्रातही ढग कुठला, धूर कुठला, ठिपक्याच्या कडेला चूक कशी शिरते, हे ज्याने एकदा कॅमेरा बांधला आहे त्याला वेगळेच दिसते. आणि आपल्याला कुठली कक्षा हवी, हे तर कोणीच फुकट सांगत नाही.

या पुस्तकाची पहिली चार प्रकरणे क्रमाने वाचावीत: कक्षा, नजर, वळणे आणि वीज. पुढची कशीही. चौथे कंटाळवाणे आहे याची मला कल्पना आहे, पण बहुतेक लहान उपग्रह ज्या कारणांनी मरतात त्यांतली बरीच त्याच प्रकरणात आहेत. पारिभाषिक शब्द जिथे मराठीत रुळलेत तिथे मराठी वापरले, जिथे नाहीत तिथे कार्यशाळेत जो शब्द बोलतात तोच ठेवला. ‘रिअॅक्शन व्हील’ला ‘प्रतिक्रियाचक्र’ म्हणून पाहिले आणि सोडून दिले. प्रत्येक प्रकरणाअखेर उदाहरणे दिली आहेत आणि त्यांची उत्तरे शेवटी आहेत. त्यांत आणि इतरत्रही चुका राहिल्या असणार. वाचकांनी त्या प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवाव्यात, म्हणजे दुसरी आवृत्ती निघाली तर तीत दुरुस्त करता येतील.